सांध्यांसकट चित्र

मंडळी, पडद्यावरचं हे चित्र लांबून पाहिलंत तर कोरीव लाकडाची, सोनेरी मुलाम्याची वेदी वाटेल. खांब आहेत, कोनाडे आहेत, कोनाड्यांत संत उभे आहेत. प्रत्यक्षात ही सपाट भिंत आहे आणि तिच्यावर भाजलेल्या मातीच्या १४९८ टाइल्स आहेत. वास्को द गामा कालिकतला उतरला तेच साल! संबंध काहीच नाही, पण शाळेत सनावळ्या घोकलेल्यांना आकडा लक्षात राहील.

हा 'नोस्सा सेन्योरा दा विदा', म्हणजे जीवनदायिनी मातेचा पट. काळ साधारण १५८०, मार्सल द माटोस या कारागिराचा मानतात. मूळ लिस्बनच्या सांतु आंद्रे चर्चमधला, आता तिथल्याच राष्ट्रीय टाइल संग्रहालयात आहे. मधोमध बाळ येशू आणि त्याला पाहायला आलेले मेंढपाळ. दोन अंगांना संत योहान आणि संत लूक, वर मरियेला निरोप सांगणारा गाब्रिएल देवदूत.

पोर्तुगीज लोक या टाइलला 'अझुलेजो' म्हणतात. त्यांच्या भाषेत 'अझुल' म्हणजे निळा, त्यामुळे नाव निळ्यावरून पडलं असा अनेकांचा समज असतो. पण शब्द अरबी आहे, 'अझ-झुलैज', घोटून गुळगुळीत केलेला दगड. शिवाय या पटात पिवळाही भरपूर आहे. निळ्या-पांढऱ्याचं वेड नंतरचं, चिनी भांडी आणि डच टाइल्स पाहून लागलेलं.

आता काम कसं होतं ते सांगतो, कारण मला खरा रस त्यातच आहे. टाइल साधारण १४ सेंटिमीटर चौरस. एकदा भाजायची, मग शिसं आणि कथिल घातलेल्या झिलईत बुडवायची. कथिलामुळे झिलई दुधासारखी पांढरी होते, खालची माती दिसत नाही. ती वाळली की पिठूळ होते. या पिठूळ थरावर टोचलेला कागद ठेवायचा आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी आपटायची. ठिपक्यांचा कागद ठेवून रांगोळी घातली असेल त्यांना वेगळं समजवायला नको. मग रंग: कोबाल्टचा निळा, अँटिमनीचा पिवळा, तांब्याचा हिरवा, मँगनीजचा जांभळा. कोरडी झिलई कुंचल्यातलं पाणी क्षणात ओढून घेते, त्यामुळे रेघ पडली ती पडली. खोडणं नाही. रंग भरताना दिसतो एक आणि दुसऱ्या भाजणीनंतर उघडतो वेगळाच. मरियेच्या चेहऱ्यावरचा भाव असा आंधळेपणाने रंगवायचा, आणि तोही कधी कधी चार टाइल्सच्या सांध्यावर!

मोठ्या पटाच्या टाइल्सच्या पाठीवर अक्षर आणि आकडा घालायची पद्धत होती, एक ओळीसाठी, एक जागेसाठी. पुढून देवाचं चित्र, मागून गवंड्याचा हिशेब.

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, चर्चमध्ये गर्दी, मेणबत्त्या पेटलेल्या, आणि लिस्बनला भूकंप झाला. मागोमाग समुद्र आत आला आणि आग कित्येक दिवस जळत राहिली. नवीन घरं उभी राहिली तेव्हा दारांवर छोटे पट लागले, 'रेजिष्टु' म्हणतात त्यांना. आपल्याकडे गणेशपट्टी असते तीच जागा. बहुतेकांवर मरिया माता, शेजारी संत अँटनी आणि संत मार्सल. विटेवर उभा, कर कटीवर म्हटलं की आपण नाव विचारत नाही. तसं कडेवर बाळ येशू आणि हातात लिलीचं फूल दिसलं की अँटनी. तो लिस्बनचाच, हरवलेल्या वस्तू शोधून देणारा. बिशपच्या वेषातला मार्सल आगीपासून राखणारा. शहर जळताना पाहिलेल्यांनी त्याला दारावर का बसवलं, हे कळायला इतिहासकार लागत नाही. विम्याची पाटीच म्हणा ना!

आपल्यापैकी अनेकांनी पणजीला मिनेझिस ब्रागांझा संस्थेच्या दालनात असे पट पाहिले असतील. ते जॉर्ज कोलासोचे, १९३५चे. पण त्यात संत नाहीत, पोर्तुगीज कवी कामोंइशच्या, सागरी मोहिमांचं गुणगान करणाऱ्या महाकाव्यातले प्रसंग आहेत. तंत्र तेच, भक्ती मात्र साम्राज्याची. मला ते पट फार आवडत नाहीत, हे इथेच सांगून टाकतो.

टाइलच्या चित्राचं एक बरं असतं, भिंत पडली तरी ते उतरवून दुसरीकडे लावता येतं. आपला पहिला पट तसाच वाचला, चर्च पाडलं गेलं तरी. आणि याच गुणामुळे चोरांचंही फावतं. पॅनेल अखंड नेता आलं नाही तर चार टाइल्स खरवडून नेतात. पोर्तुगालच्या गुन्हे अन्वेषण पोलिसांच्या संग्रहालयाने २००७मध्ये 'एसओएस अझुलेजो' नावाची मोहीम याच कारणासाठी सुरू केली. चोरीच्या टाइल्सची छायाचित्रं ते इंटरनेटवर लावतात, म्हणजे विकणाऱ्याला आणि घेणाऱ्याला 'माहीत नव्हतं' म्हणायला जागा उरत नाही.

आता ही पुढची स्लाइड. सुटी टाइल आहे, जुन्या बाजारात मिळते तशी. लिलीचा देठ, दोन बोटं आणि बाळाच्या पावलाचा तुकडा एवढंच तिच्यावर आहे. संत कोण, ते तुम्ही आता ओळखलंच असेल.