सर विन्स्टन, पण ड्यूक नव्हे

मुंबईतील ससून डॉकच्या या ओल्या दगडी पायऱ्यांशी 1896 च्या ऑक्टोबरात एक होडी लागली. चौथ्या हुसार्स या घोडदळाच्या रेजिमेंटमधील 21 वर्षांच्या एका अधिकाऱ्याने वर चढण्यासाठी भिंतीतील लोखंडी कडी धरली, तेवढ्यात लाट ओसरून होडी खाली गेली आणि त्याचा उजवा खांदा जन्मभरासाठी दुखावला. पुढच्याच वर्षी हे तरुण विन्स्टन चर्चिल वायव्य सरहद्दीवरील मलाकंडच्या मोहिमेत गेले. तेथील कामगिरीबद्दल त्यांना ‘इंडिया मेडल’ मिळाले.

केंट परगण्यातील चार्टवेल हे त्यांचे घर आता वारसावास्तू जपणाऱ्या नॅशनल ट्रस्ट या संस्थेच्या ताब्यात आहे. गणवेश, मानपत्रे आणि देशोदेशीच्या भेटी पाहताना ‘गार्टर’ या सन्मानाच्या या निळ्या मखमली झग्यापाशी मात्र थांबावे लागते, कारण तो अंगावर येण्यास आठ वर्षे लागली.

ऑर्डर ऑफ द गार्टर हा इंग्लंडमधील सर्वांत जुना सरदारी सन्मान आहे आणि राजघराण्यांतील व्यक्ती सोडल्यास त्याचे मानकरी एका वेळी 24 हून अधिक नसतात. युरोपातील युद्ध जिंकून तीन महिनेही झाले नव्हते, तोच जुलै 1945 मध्ये मतदारांनी चर्चिल यांना सत्तेवरून दूर केले. राजे सहावे जॉर्ज यांनी तेव्हा देऊ केलेला गार्टर त्यांनी घेतला नाही. लोकांनी नुकतेच घरी बसवलेले असताना राजाकडून असा मान घेणे त्यांना प्रशस्त वाटले नाही. जानेवारी 1946 मध्ये मात्र त्यांनी ऑर्डर ऑफ मेरिट स्वीकारली. या सन्मानाने नावामागे ‘सर’ लागत नाही आणि तो देताना पंतप्रधानांची शिफारस लागत नाही. त्याच वर्षी गार्टरही पंतप्रधानांच्या सल्ल्यातून मुक्त होऊन पुन्हा राजाच्या मर्जीकडे गेला, आणि या बदलाला पंतप्रधान ॲटली यांच्याबरोबर विरोधी पक्षनेते चर्चिल यांचीही संमती होती. अखेर 24 एप्रिल 1953 रोजी, राज्याभिषेकाच्या सव्वा महिना आधी, विंडसरच्या या किल्ल्यात राणी दुसऱ्या एलिझाबेथ यांनी त्यांना गार्टर बहाल केला.

ते सर विन्स्टन झाले, पण उमराव झाले नाहीत, म्हणून हाउस ऑफ कॉमन्स या लोकनियुक्त सभागृहातील जागा सुटली नाही. आमच्या मते त्यांच्या सन्मानांची खरी किल्ली येथे आहे. एप्रिल 1955 मध्ये ते पंतप्रधानपद सोडत असताना राणीने त्यांना ड्यूक, म्हणजे सर्वोच्च दर्जाचा उमराव, करण्याची तयारी दाखवली. ते नकार देतील याची चाचपणी दरबाराने अगोदरच केली होती, हा भाग वेगळा. ड्यूक झाल्यास त्यांना हाउस ऑफ लॉर्ड्स या उमरावांच्या सभागृहात जावे लागले असते आणि पुढे वारशाने मुलालाही कॉमन्सचे दार बंद झाले असते, कारण वंशपरंपरागत उमरावपद सोडण्याची सोय कायद्यात 1963 पर्यंत नव्हती. ड्यूकचा नातू म्हणून ब्लेनहाइमच्या महालात जन्मलेल्या या गृहस्थाने ड्यूकपद नाकारले आणि 1964 पर्यंत खासदारकी सांभाळली.

10 डिसेंबर 1953 च्या या दृश्यात स्टॉकहोममध्ये साहित्याचे नोबेल स्वीकारताना दिसतात त्या त्यांच्या पत्नी क्लेमेंटाइन. आयझेनहॉवर यांच्याशी वाटाघाटींसाठी चर्चिल बर्म्युडाला गेले होते. 1958 मध्ये पॅरिसला फ्रान्सचे नेते द गॉल यांनी त्यांना ‘क्रॉस ऑफ लिबरेशन’ दिला. 9 एप्रिल 1963 रोजी केनेडी यांनी त्यांना अमेरिकेचे मानद नागरिक घोषित केले, तेव्हा व्हाइट हाउसच्या बागेत मुलगा रँडॉल्फ उभा होता आणि वडील लंडनमध्ये तो सोहळा उपग्रहामार्फत दूरचित्रवाणीवर पाहत होते.

पार्लमेंट स्क्वेअरमधील त्यांच्या पुतळ्यावर जून 2020 मध्ये निदर्शकांनी वंशवादाचा आरोप रंगाने लिहिला, आणि 1943 च्या बंगालच्या दुष्काळात लाखो माणसे मेली त्याबद्दल भारतात त्यांच्या सरकारला आजही दोष दिला जातो.

30 जानेवारी 1965. तोफगाड्यावरील शवपेटीच्या पुढे, उशांवर मांडलेली ही सारी पदके घेऊन चालणारे अधिकारी क्वीन्स रॉयल आयरिश हुसार्सचे आहेत. चर्चिल ज्या चौथ्या हुसार्सबरोबर ससून डॉकला उतरले होते, ती रेजिमेंट 1958 मध्ये यांच्यातच विलीन झाली होती.