जुन्या जीपचं वायरिंग बदलताय? ईजीआर आणि कॅनिस्टर भंगारात टाकायची घाई नको

नमस्कार मंडळी. ही माझी 1983 ची जीप सीजे-7. सहा सिलिंडरचं, 4.2 लिटरचं एएमसी (अमेरिकन मोटर्स) इंजिन. गाडी उभी आहे फ्रीमॉंटला, म्हणजे कॅलिफोर्नियात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

(कॅमेरा बॉनेटखाली)

हे बघा. वायरिंग म्हणायचं की कावळ्याचं घरटं? त्यातच या काळ्या व्हॅक्यूमच्या नळ्या. नवीन हार्नेस, म्हणजे तारांचा अख्खा जुडगा, टाकायला घेतला की हमखास कोणीतरी सांगतं, "आता उघडलंच आहेस तर ही धुराची सगळी भानगड काढून टाक." भानगड म्हणजे ईजीआर, कॅनिस्टर असले धूर आणि वाफा कमी करणारे पार्ट. मोह मलाही झाला होता.

पण आधी आरसी बघा. कॅलिफोर्नियात 1975 पर्यंतच्या पेट्रोल गाड्यांना स्मॉग चेक, म्हणजे धुराची तपासणी, नाही. 1976 पासून पुढच्यांना आहे, दर दोन वर्षांनी. आणि तपासणारा माणूस नुसता धूर मोजत नाही, बॉनेट उघडून कंपनीने दिलेला एकेक पार्ट जागेवर आहे का ते बघतो. पार्ट गायब असेल, तर धूर कितीही स्वच्छ असला तरी गाडी नापास. टेक्सासात 24 वर्षांपेक्षा जुन्या गाडीला धुराची तपासणीच नाही, पण म्हणून पार्ट काढायची मुभा मिळते असं नाही. क्लीन एअर ॲक्ट हा देशभराचा कायदा आहे.

आता या इंजिनाची गंमत. इथे कार्बोरेटरवर स्टेपर मोटर, म्हणजे थोडी थोडी सरकणारी छोटी मोटर, आहे. एक्झॉस्टमधला ऑक्सिजन सेन्सर डॅशबोर्डखालच्या कॉम्प्युटरला खबर देतो, कॉम्प्युटर मोटर हलवतो, आणि हवा-पेट्रोलचं प्रमाण बदलतं. 1983 साली! यात एखादा सेन्सर मेला किंवा त्याची तार तुटली की कॉम्प्युटर टायमिंग, म्हणजे ठिणगी पडायची वेळ, मागे ओढतो. गाडी मरगळते, पेट्रोल पिते. मालक वैतागून कॉम्प्युटरच बायपास करतो.

माझ्या गाडीत काय निघालं सांगू? कॉम्प्युटर ठणठणीत होता. त्याची ग्राउंडची तार गंजून हिरवी पडली होती. चाळीस वर्षं इंजिनाच्या उष्णतेत भाजलेलं इन्सुलेशन बोट लावलं की गळतं. चोरी तारेची आणि फाशी पार्टला! म्हणून मी म्हणतो, आधी जुन्या पार्टांसकट नवीन वायरिंग करा, गाडी चालवा, आणि मग बोला. दोन्ही एकदम बदललंत तर बिघाड कशामुळे झाला ते कधीच कळणार नाही.

हार्नेस मागवण्याआधी एक विचारा: यात स्टेपर मोटर आणि ऑक्सिजन सेन्सरच्या तारा आहेत का? बाजारातल्या बऱ्याच तयार हार्नेसमध्ये नसतात. मग त्या तारा वेगळ्या ओढाव्या लागतात. आयडल, म्हणजे उभ्या गाडीत इंजिनाचं मंद चालणं, सांभाळणाऱ्या सोलेनॉइडचीही (विजेवर हलणारा खटका) तार जोडायची राहून जाते, आणि एसी किंवा दिवे लावले की गाडी सिग्नलला बंद पडते. दोष मात्र कार्बोरेटरला.

बरं, काही पार्टांना तर तारेची गरजच नाही. पीसीव्ही व्हॉल्व्ह, म्हणजे इंजिनाच्या पोटातला वायू बाहेर सोडणारी झडप, काढलात तर क्रँककेसमध्ये, म्हणजे त्या पोटात, दाब साठतो आणि सीलमधून ऑइल बाहेर येतं. कोळशाचा कॅनिस्टर काढलात तर टाकीतली वाफ गॅरेजभर. माझं गॅरेज स्वयंपाकघराला लागून आहे, त्यामुळे त्यावर घरात चर्चा झालेली आहे, मी जास्त बोलत नाही.

ईजीआरचं मात्र मला महागात पडलं. आधीच्या मालकाने तो काढून तिथे लोखंडी पट्टी ठोकली होती. ईजीआर थोडा जळका वायू परत सिलिंडरमध्ये सोडतो, आतलं तापमान खाली ठेवतो. कंपनीने टायमिंग ते धरूनच ठरवलेलं असतं. पट्टीमुळे चढावर इंजिन टकटकायचं, आणि स्मॉगला नापास ते वेगळंच. व्हॉल्व्ह मिळाला, पण त्याच्या नळीचा एक टिचभर तुकडा शोधायला चार महिने भंगारवाड्यांच्या फेऱ्या. पार्ट मिळेचना तर कॅलिफोर्नियात स्मॉग चेकचे रेफरी असतात, ते शोधायला मदत करतात. आधी तिकडे जा.

कॉमेंट यायच्या आधीच पुण्या-कोल्हापूरच्या मंडळींना सांगतो: तुमच्या महिंद्रा एमएम 540 मध्ये प्युजोचं डिझेल इंजिन आहे, त्यात हे काहीच नाही, निर्धास्त राहा. मुंबईतसुद्धा नव्या पेट्रोल गाड्यांना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धूर साफ करणारा डबा, आला तो 1995 मध्ये. पन्नास वर्षांपेक्षा जुनी गाडी व्हिंटेज म्हणून 'व्हीए' नंबरवर घ्यायची असेल, तर इंजिन, चॅसिस आणि बॉडी मूळचीच हवी, तेवढं सांभाळा.

तर आजचं काम. प्रत्येक नळी काढायच्या आधी तिला चिकटपट्टी लावून नंबर, मग फोटो. बॉनेटखालचं हे स्टिकर दिसतंय? नळ्यांचा नकाशा यावरच छापलेला आहे, याच्यावर डिग्रीझर मारू नका. आणि हा बुटांचा खोका. जे निघेल ते यात, एकही स्क्रू कचऱ्यात नाही.

चला, आधी बॅटरीची निगेटिव्ह काढतो.