रेटिंग १४४.१, निकाल पराभव

(पडद्यावर: ह्यूस्टनचं स्टेडियम. धावफलक २८-३.)

५ फेब्रुवारी २०१७. सुपर बोल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलच्या एनएफएल या लीगचा अंतिम सामना, एक्कावन्नावा. तिसऱ्या क्वार्टरमध्ये अटलांटा फाल्कन्स २८-३ नं पुढे आहे.

अटलांटाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चाल चालवणारा आणि पास टाकणारा खेळाडू, मॅट रायन. सामना संपला तेव्हा त्याच्या नावावर होते २३ पास, त्यातले १७ झेलले गेलेले, २८४ यार्ड, २ टचडाउन (चेंडू प्रतिस्पर्ध्याच्या टोकाच्या पट्ट्यात पोचवणं, सहा गुण) आणि इंटरसेप्शन (पास प्रतिस्पर्ध्यानंच झेलणं) एकही नाही. समोर न्यू इंग्लंड पेट्रियट्सचा टॉम ब्रेडी: ६२ पैकी ४३ पास, ४६६ यार्ड, २ टचडाउन, १ इंटरसेप्शन. तो एक इंटरसेप्शनही महागातला. रॉबर्ट अल्फर्डनं चेंडू पळवला आणि ८२ यार्ड धावत जाऊन टचडाउनच केला.

पास टाकणाऱ्याची कामगिरी एका आकड्यात मांडणारं पासर रेटिंग लावलं तर रायन १४४.१, ब्रेडी ९५.२. सामना मात्र पेट्रियट्सनी जिंकला, ३४-२८. सामन्याचा सर्वोत्तम खेळाडू ब्रेडी ठरला. संपूर्ण हंगामाचा सर्वोत्तम खेळाडू म्हणून आदल्याच रात्री रायनचं नाव जाहीर झालं होतं.

मग यातला वरचा कोण?

(पडद्यावर: फळा, खडू. ब्रेडीचे आकडे.)

आधी ते ९५.२ आले कुठून ते बघू. हिशोब चार तुकड्यांचा. झेललेले पास भागिले टाकलेले पास, ४३ भागिले ६२, म्हणजे ०.६९४. त्यातून ०.३ वजा करायचे आणि ५ नं गुणायचं: १.९७. दुसरा तुकडा दर पासमागे यार्डांचा. ४६६ भागिले ६२, साधारण ७.५२, त्यातून ३ वजा, उरलेल्याचा पाव भाग: १.१३. तिसरा टचडाउनचा, २ भागिले ६२ गुणिले २०: ०.६५. चौथा उलटा चालतो. २.३७५ मधून इंटरसेप्शनचं प्रमाण गुणिले २५ वजा करायचं: १.९७. चौघांची बेरीज ५.७१. तिला ६ नं भागा, १०० नं गुणा. आले ९५.२.

प्रत्येक तुकडा शून्य ते २.३७५ याच हद्दीत राहतो, म्हणून कमाल रेटिंग १५८.३. शंभरपैकी गुण समजणाऱ्यांची पहिली फसगत इथे होते. दुसरी गंमत तळाशी आहे. एखाद्यानं सामनाभर प्रत्येक चेंडू नुसता जमिनीवर आपटला, तरी त्याला ३९.६ मिळतात, कारण इंटरसेप्शन न झाल्याचे २.३७५ पूर्ण जमा होतात.

एनएफएलनं हे सूत्र १९७३ मध्ये स्वीकारलं. तेव्हाच्या सर्वसाधारण खेळाला प्रत्येक तुकड्यात १ मिळावा अशी त्याची रचना. म्हणजे सरासरी क्वार्टरबॅक ६६.७ वर. आज लीगची सरासरी नव्वदच्या आसपास असते. सूत्र तेच राहिलं, खेळ बदलला.

पण रायनचे १४४.१ फुगलेले दिसतात त्याचं कारण वेगळं आहे.

(पडद्यावर: चौथा क्वार्टर. घड्याळ ८:३१.)

अटलांटा २८-१२ नं पुढे. तिसरा डाउन, म्हणजे दहा यार्ड पुढे जायला मिळणाऱ्या चार प्रयत्नांतला तिसरा; फक्त एक यार्ड हवा, चेंडू स्वतःच्या ३६ यार्डांच्या रेषेवर. धावून सुटणारी वेळ, पण अटलांटानं पासची चाल लावली. कडेनं आलेला डाँटा हायटॉवर डेव्हॉन्टा फ्रीमनला अडवता आला नाही. रायनचा हात मागे गेलेला असतानाच हायटॉवर आदळला, चेंडू सुटला आणि पेट्रियट्सच्या हाती लागला, अटलांटाच्या २५ यार्डांवर. थोड्याच वेळात टचडाउन, वर जादा चालीचे दोन गुण. २८-२०.

पुढची चूक जास्त बोचणारी. हुलियो जोन्सनं सीमारेषेच्या काठावर अशक्य झेल घेतला आणि अटलांटा पेट्रियट्सच्या २२ यार्डांवर पोचलं. तिथून फील्ड गोल, म्हणजे लाथेनं चेंडू खांबांमधून मारणं, साधारण ४० यार्डांचा. तीन गुण मिळाले असते तर फरक ११ झाला असता, आणि तो एका टचडाउननं भरून निघत नाही. पहिल्या चालीत एक यार्ड गेला. दुसऱ्या चालीत रायन पुन्हा पास टाकायला मागे सरकला, ट्रे फ्लॉवर्सनं त्याला पाडलं, १२ यार्ड गेले. मग होल्डिंगचा, म्हणजे प्रतिस्पर्ध्याला धरून ठेवल्याचा दंड, आणखी १० यार्ड. चेंडू ४५ वर. फील्ड गोल विसरा, पंट करावा लागला, म्हणजे लाथेनं चेंडू दूर मारून ताबा सोडावा लागला.

पास टाकण्याआधीच क्वार्टरबॅकला पाडणं म्हणजे सॅक. पासर रेटिंगच्या सूत्रात सॅकला जागा नाही. फंबलला, म्हणजे हातातून चेंडू सुटण्यालाही, नाही. सामन्याचं पारडं फिरवणाऱ्या या दोन्ही चाली १४४.१ ला शिवतसुद्धा नाहीत.

सॅक धरणारं माप आहे. पासिंगचे यार्ड घ्या, दर टचडाउनला २० मिळवा, दर इंटरसेप्शनला ४५ वजा करा, सॅकमध्ये गेलेले यार्ड वजा करा. मग पास अधिक सॅक यांनी भागा. रायनला ५ सॅकमध्ये ४४ यार्डांचा फटका बसला होता: २८० भागिले २८, बरोबर १०. ब्रेडीचे ५ सॅक, २४ यार्ड: ४३७ भागिले ६७, साडेसहा.

अजूनही रायनच वर! आणि ते खरंही आहे. दर चालीमागे त्या रात्री रायननंच सरस पास टाकले. ब्रेडीचं काम वेगळं होतं. पेट्रियट्सच्या ९३ चाली झाल्या, अटलांटाच्या ४६. शेवटाकडे अटलांटाचा बचाव पायांत गोळे आल्यासारखा धावत होता. सरासरीचा आकडा दर्जा दाखवतो, उचललेलं ओझं दाखवत नाही.

वेळेचं मोल धरायचं तर प्रत्येक चालीआधी आणि नंतर किती गुणांची अपेक्षा होती, यातला फरक मोजावा लागतो. तिसरा डाउन, दहा यार्ड हवेत आणि आठ यार्डांचा पास झेलला गेला, तर रेटिंग सुधारतं, अपेक्षा मात्र घटते, कारण चेंडू आता सोडावा लागणार. मैदानावरच्या जागेनुसार गुणांची अपेक्षा मांडणारा शोधनिबंध १९७१ मध्ये आला. त्याच्या दोन लेखकांपैकी व्हर्जिल कार्टर हा स्वतः सिनसिनाटी बेंगल्सचा क्वार्टरबॅक होता. हायटॉवरची ती चाल या मापात जबर नुकसान म्हणून दिसते. फक्त तिथेही ते रायनच्या खात्यावर पडतं. हुकलेला ब्लॉक फ्रीमनचा होता, ही नोंद आकड्यात नसते. ती चित्रफीत थांबवून बघावी लागते.

(पडद्यावर: कृष्णधवल छायाचित्रं.)

काळ ओलांडून क्रमवारी लावणं तर याहून अवघड. जो नेमथ, साठ-सत्तरच्या दशकांतला क्वार्टरबॅक: कारकिर्दीत १७३ टचडाउन, २२० इंटरसेप्शन, रेटिंग ६५.५. आज या आकड्यांवर कुणी बाकावरही बसवून घेणार नाही. पण १९७८ च्या आधी बचावपटू रिसीव्हरला, म्हणजे पास झेलणाऱ्याला, आजच्यापेक्षा बराच जास्त ढकलू, अडवू शकत होता. त्या वर्षी ही मुभा पहिल्या पाच यार्डांपुरती उरली आणि पासचा खेळ मोकळा झाला. म्हणून नेमथची तुलना आधी त्याच्याच वर्षांच्या सरासरीशी करायची, आजच्या पोरांशी नाही.

विजेतेपदाच्या अंगठ्या मोजणं सर्वांत सोपं आणि सर्वांत कच्चं. ट्रेंट डिल्फरकडे एक आहे, बॉल्टिमोर रेव्हन्सच्या पोलादी बचावाच्या जोरावर. १९८४ मध्ये ५,०८४ यार्ड आणि ४८ टचडाउन करणाऱ्या डॅन मारिनोकडे एकही नाही. डिल्फरला मारिनोच्या वर ठेवणारी यादी पुढे वाचू नये.

(पडद्यावर: पुन्हा ह्यूस्टन. नाणेफेक.)

२८-२८. सुपर बोलच्या इतिहासातला पहिला जादा वेळ. नाणेफेक पेट्रियट्सनी जिंकली. पहिल्याच ताब्यात टचडाउन झाला की सामना संपला, असा तेव्हाचा नियम. ब्रेडीनं संघाला ७५ यार्ड नेलं, जेम्स व्हाइट दोन यार्ड घुसला. बाद फेरीत दोन्ही संघांना चेंडू मिळायलाच हवा, हा नियम २०२२ मध्ये आला. त्या रात्री रायन कडेला उभा राहून बघत होता, आणि त्याचं रेटिंग १४४.१ वरच होतं.