दिवा पुढे, धोका मागे

(रात्र. सुरत–नागपूर महामार्ग, एरंडोल–पारोळा दरम्यान. दुरून फिरता पिवळा दिवा.)

केळी भरलेला ट्रक कडेला उभा आहे. क्लच गेला. क्रेन येऊन त्याच्या तोंडाशी पाठ लावून उभी आहे.

हुक लावला आणि ओढला, इतकं हे सोपं नसतं. टाकीतली हवा उतरली की अशा ट्रकचे मागचे ब्रेक जाम बसतात. म्हणून आधी क्रेनवरून नळी जोडून हवा द्यायची, ब्रेक सोडवायचे. मग चाकांकडे जाणारा शाफ्ट काढायचा. तो तसाच ठेवून ओढलं, तर चाकांबरोबर गिअरबॉक्सही फिरतो, पण आत तेल नीट पोचत नाही आणि तोही जातो.

(ट्रकखालून बाहेर आलेले दोन पाय. एका चपलेचा अंगठा सुतळीनं बांधलेला.)

शाफ्टचे नट गंजलेले. पान्याला पाईप अडकवून जोर लावावा लागतो. पलीकडे चारी आहे, त्यामुळे हेल्पर रस्त्याच्या बाजूनंच आत शिरलाय.

आता दिवा बघा. तो क्रेनच्या केबिनवर, क्रेन ट्रकच्या पुढे, आणि मधे केळीचा उंच हौदा. धुळ्याकडून येणाऱ्यांना दिवा लख्ख दिसतो. ज्याला दिसायला हवा, त्या मागून येणाऱ्याला नाही. ८०च्या वेगात गाडी सेकंदाला २२ मीटर पुढे येते.

(हौद्यामागे निंबाची फांदी, चार दगड.)

अंधारात फांदी डांबरात मिसळून जाते. दगड ट्रक गेल्यावरही तिथंच राहतात, पुढच्या मोटारसायकलवाल्यासाठी. लाल त्रिकोण चमकतो, पण त्यावर हेडलाइट पडल्यावरच.

(चुंबकाचा दिवा हौद्याच्या मागच्या फाळक्याच्या लोखंडी पट्टीवर ‘टक्’ करून बसतो.)

हा बॅटरीवर चालतो, स्वतःच्या उजेडानं दिसतो. पिवळा, आणि एकच. लाल-निळ्या लुकलुकत्या पट्ट्यांची हौस क्रेनवाल्यांनी सोडावी. तो रंग पोलीस, अग्निशमन अशा तातडीच्या सेवांचा, आणि त्या झगमगाटात रात्री शेजारचा माणूसच दिसत नाही.

अमेरिकेत सर्व ५० राज्यांत कायदा आहे: कडेला असा दिवा दिसला की लेन बदला, नाहीतर वेग कमी करा. आपल्याकडे दिवा दिसला की हॉर्न.

अशी कामं करताना माणसं जातात. पेपरात ‘अज्ञात वाहनाची धडक’ एवढंच येतं.

(हेल्पर बाहेर येतो, हात पुसतो. ट्रकची पुढची चाकं उचलली जातात.)

दगड चारीत टाकले. चुंबकाचा दिवा मात्र धुळ्यापर्यंत फाळक्यावरच राहील, कारण ओढून नेताना या ट्रकचे मागचे लाइट बंद आहेत.