वरच्या दोन मिरच्या

मंडळी, पत्रिकेवर ‘रोजच्या जगण्यातला रोमान्स’ असा विषय छापलाय. एकतीस वर्षं बँकेच्या काउंटरवर लोकांच्या नोटा मोजलेल्या बाईला हा विषय का दिला ते संयोजकांनाच ठाऊक. त्यातून आमचे हे मागच्या रांगेत बसलेत. त्यामुळे शब्द जपून वापरते.

काही वर्षांपूर्वी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि मंडईची जबाबदारी ह्यांच्यावर आली. हे पाटबंधारे खात्यातून निवृत्त. आयुष्यभर फायली वाचल्या आणि समासात शेरे मारले. मी कॅलेंडरच्या जुन्या पानामागे यादी लिहून दिली. तासाभराने पिशवी आली आणि यादीही परत आली. प्रत्येक ओळीपुढे लाल पेनाने शेरा. कोथिंबीर : जुडी लहान, भाव मोठा, निषेध नोंदवून आणली. भेंडी : जून, प्रस्ताव फेटाळला. आलं : आलं. (हशा) मला टाके पडलेले, हसताही येईना. सगळ्यात खाली, माझ्या अक्षरात नसलेली एक ओळ होती : सोनचाफा, चार फुलं. यादीत नव्हता. मंजुरी गृहीत धरली.

फुलं पिशवीच्या तळाशी, बटाट्याखाली चेपलेली. मी काही बोलले नाही. वाटीत पाणी घेतलं, चाफा ठेवला आणि वाटी फोडणीच्या डब्याशेजारी सरकवली. दोन दिवस हिंगाला चाफ्याचा वास येत होता.

भाजीवाली तोलून झाल्यावर वर दोन मिरच्या टाकते बघा. त्यांचे पैसे नसतात, काटा आधीच थांबलेला असतो. मला आज बोलायचंय ते त्या वरच्या दोन मिरच्यांबद्दल. काम झालेलं असतं, आणि तरी कोणीतरी हात आणखी थोडा लांब करतं.

बाजीराव रस्त्यालगतच्या केळकर संग्रहालयात तुम्ही शाळेच्या सहलीला गेला असाल आणि मस्तानी महाल बघून बाहेर पडला असाल. पुन्हा जा, आणि अडकित्त्यांपाशी थांबा. सुपारी कातरायला दोन दांडे, एक पातं आणि एक खीळ पुरते. पण कुणी त्याचा घोडा केलाय, कुणी पक्षी केलाय, कुठे पात्याच्या वर स्त्री-पुरुषाची जोडी बसवलीय. सुपारी काही त्यामुळे जास्त बारीक होत नाही. दिवे, दौती, स्वयंपाकघरातली भांडी, सगळीकडे तेच. हे गोळा करणारे दिनकर केळकर चष्म्याच्या धंद्यातले, आणि ‘अज्ञातवासी’ नावाने कविता करणारे. मुलगा लहानपणीच गेला, त्याच्या नावाने हा संग्रह उभा केला, आणि १९७५ साली वीस हजारांच्या घरातल्या त्या वस्तू सरकारला देऊन टाकल्या. ज्या वस्तू घरोघरी अडगळीत पडल्या होत्या, त्यांच्यासाठी हा माणूस गावोगाव हिंडला. राजमुकुट जमवणारे पुष्कळ असतात हो, अडकित्ते कोण जमवतो?

दुसरी गोष्ट आपल्या मुळशी-मावळातली. हेमा राईरकर आणि मूळचे फ्रान्सचे पण पुण्याचेच झालेले गी पॉइतवाँ, यांनी आणि गावोगावच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतल्या. एक लाखाहून अधिक! पहाटे उठायचं, एका हाताने दाणे घालायचे, दुसऱ्याने खुंटा फिरवायचा, समोर जाऊ बसलेली. जात्याच्या फेऱ्यात ओळ बसवायची. ह्या बायकांना लिहिता येत नव्हतं, नाव छापून येण्याचा तर प्रश्नच नव्हता. दळण संपलं की ओवी संपली.

इथे जरा थांबते, कारण ह्या विषयावर बोलणारे लोक फार लवकर गोड होतात. दळण हे कष्टाचं काम होतं. गिरणी आली ते उत्तमच झालं, माझ्या आजीला विचारलं असतंत तर तिने गिरणीवाल्याला ओवाळलं असतं. ओव्यांत भाऊ आहे, विठोबा आहे, तशी सासुरवासाची कडवट तक्रारही आहे. बाई सुखात होती म्हणून गात नव्हती. पीठ सासरचं होतं, ओवी तिची होती, एवढंच मी म्हणते.

आणि आपण पुणेकर? आपण तर रागातही वरच्या मिरच्या घालतो. ‘बेल एकदाच वाजवावी’ एवढ्यावर भागलं असतं. आमच्या खालच्या मजल्यावर लिहिलंय, ‘बेल एकदाच वाजवा. गुडघे दुखतात, कान नाही.’ माणसाने हे लिहिताना दोनदा खोडलं असणार, शब्द तोलले असणार. त्या दाराशी थांबायला मला आवडतं.

रोमान्सचं म्हणाल तर आमचं लग्न झालं तेव्हा दोन खोल्या, सासू-सासरे, एक दीर आणि त्याची परीक्षा. बाहेरच्या खोलीत दिवा बारापर्यंत. मग आम्ही पर्वती गाठायचो. एकशे तीन पायऱ्या, त्यातली एकसष्ठावी आमची. का, तर तिथे मला पहिल्यांदा दम लागला होता आणि हे दम लागला नसतानाही माझ्याबरोबर थांबले होते. पुढे मुलगी झाली, बँकेत बढती आली, पर्वती सुटली. मधली पंधरा वर्षं तर आम्ही एकमेकांशी बहुतेक दूध, गॅस आणि फी एवढ्यावरच बोललो. त्या काळात वरच्या मिरच्या कुणीच टाकल्या नाहीत. तो काळ मी सजवून सांगणार नाही.

त्या यादीनंतर मात्र मी पानाला उजवीकडे समास सोडायला लागले. गुडघा बरा झाला तरी मंडई ह्यांच्याकडेच ठेवलीय. मागच्या आठवड्यात मी ‘लिंबं चार’च्या खाली मुद्दाम ‘चंद्र, अर्धा’ लिहून पाठवलं. शेरा आला : आज अमावास्या, पुरवठा बंद. पौर्णिमेनंतर पुन्हा मागणी नोंदवावी.

ह्या भाषणाचं टिपणही मी समास सोडूनच लिहिलंय. मागे बघते तर ह्यांनी खिशातून लाल पेन काढलेलं दिसतंय. निदान ‘वेळेत संपवलं’ एवढा तरी शेरा मिळावा, म्हणून थांबते.