सतरंजीवरची मोकळी जागा

श्रोतेहो, जय ख्रिस्त.

आमची मंडळी यवतमाळ जिल्ह्यातल्या एका खेड्यातली. चर्चची इमारत आमच्याकडे नाही. दर रविवारी सकाळी एका घराच्या ओसरीत सतरंजी पडते, पेटी-ढोलकी निघते आणि उपासना सुरू होते. आजूबाजूच्या चार गावांतून माणसं येतात. त्यातल्या दोन गावांत विश्वासी घर एकेकच. तिथल्या बाया पहाटेच स्वयंपाक उरकून, लेकरं सोबत घेऊन पाच-सहा किलोमीटर चालत येतात. पावसाळ्यात नाल्याला पूर असला तर तो उतरेपर्यंत काठावर थांबतात, पण येतात.

आता तरुण पोरं विचारतात, ‘प्रार्थना घरीही होते, संदेश मोबाइलवर ऐकायला मिळतो, मग एवढी पायपीट कशासाठी?’ प्रश्न खोटा नाही. खोलीत जा, दार लावून घे आणि प्रार्थना कर, असं प्रभूनंच सांगितलं आहे. मीही पहाटे एकटाच गुडघे टेकतो. पण भजन एकट्यानं म्हणून पाहा. एकानं ओळ टाकायची आणि बाकीच्यांनी ती झेलायची, ही आपल्या भजनाची रीतच आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा झाला १८९५ साली. पुढं त्यांनी अभंग, भजन, कीर्तन हे सगळं मराठी ख्रिस्ती उपासनेत रुजवलं, तेव्हा झेलणारी माणसंही त्यात आपोआप आली. ओळ झेलायला कोणी नसेल तर ती टाकणाराही थोड्या वेळानं गप्प होतो.

योहानाच्या शुभवर्तमानाचा विसावा अध्याय काढा. पुनरुत्थानाच्या दिवशी संध्याकाळी शिष्य दारं लावून बसले होते. प्रभू त्यांच्यामध्ये येऊन उभा राहिला. थोमा तिथं नव्हता. का नव्हता, ते लिहिलेलं नाही. आपण त्याला संशयी म्हणतो आणि पुढं जातो. मला तिथंच थांबावंसं वाटतं. बाकीच्यांनी थोमाला सांगितलं, ‘आम्ही प्रभूला पाहिलं.’ त्याचा विश्वास बसला नाही. तरी त्याच्यासाठी दार बंद झालं नाही, कारण आठ दिवसांनी तो त्यांच्यासोबत आत होता, असं योहान सांगतो. आणि प्रभू त्याला भेटला तो तिथंच, सगळ्यांच्या देखत. थोमा एकटाच कुठं तरी बसून राहिला असता तर? मी ह्या प्रश्नापाशी पुष्कळदा येतो.

२०१७ साल आपल्या भागात कोणी विसरलेलं नाही. फवारणीतून विषबाधा होऊन माणसं दगावली ते हेच साल, आणि कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली तेही हेच. बोंड वरून हिरवंगार, फोडलं की आत अळी आणि सडलेली सरकी. आमच्या मंडळीतल्या एका भावाचं सगळं वावर असंच गेलं. तो उपासनेला येईनासा झाला. ढोलकी तोच वाजवायचा, भिंतीला टेकून बसायचा. ती जागा पहिल्या रविवारी रिकामी राहिली, दुसऱ्या रविवारीही. आम्ही सगळ्यांनी ती पाहिली. मीही पाहिली आणि मनात म्हटलं, कामात असेल. हे माझं चुकलं, आणि ते मी आज तुमच्यासमोर कबूल करतो.

तिसऱ्या रविवारी उपासना सुटल्यावर आमच्यातली एक म्हातारी मावशी उठली. डब्यात वरण आणि भाकरी बांधली आणि त्याच्या गावची वाट धरली. मी सायकल घेऊन मागून गेलो. तो अंगणात बाजेवर बसला होता. मावशीनं विचारलं, ‘काहून नाही आला रे बाबू?’

तो खाली पाहत म्हणाला, ‘कोणत्या तोंडानं येऊ मावशी? थैलीत टाकाले काही नाही माह्याजवळ.’

‘थैली पाहाले नाही आली मी,’ मावशी म्हणाली, ‘तुले पाहाले आली.’

अर्पणाच्या थैलीची लाज! आमच्या शेजारी बसून हा माणूस दर रविवारी ती थैली पुढं सरकवत होता, आणि आम्हाला पत्ता नव्हता. पुढच्या रविवारी आम्ही सतरंजी गुंडाळून त्याच्याच अंगणात नेली. त्या दिवशी थैली काढलीच नाही. त्याला प्रार्थना करता आली नाही, ती आम्ही केली. पक्षाघाती माणसाला चौघांनी छप्पर उकलून येशूपुढं उतरवलं, तेव्हा येशूनं ‘त्यांचा’ विश्वास पाहिला, असं मार्कानं लिहिलं आहे. बाजेवर पडलेल्यानं त्या दिवशी काय मागितलं, ते तो लिहीत नाही.

आणखी एक गोष्ट, थोडी वेगळी. २९ नोव्हेंबर १९७० रोजी आपल्या नागपुरात सहा वेगवेगळ्या पंथांच्या मंडळ्या एक झाल्या आणि चर्च ऑफ नॉर्थ इंडिया उभं राहिलं. बाप्तिस्म्यापासून बिशपपर्यंत अनेक बाबतींत त्यांच्या रीती निरनिराळ्या होत्या. त्यासाठी वर्षानुवर्षं बोलणी चालली. आमची मंडळी त्यात नव्हती. पण एवढ्या मोठ्या माणसांना एका छताखाली यायला इतकी वर्षं बसून बोलावं लागलं, तर आमच्या ओसरीत दोन भावांचं शेताच्या धुऱ्यावरून, म्हणजे बांधावरून, वाजलं म्हणून मी लगेच निराश होत नाही. पुन्हा बसवतो दोघांना.

तर तो भाऊ. पुढं एका वर्षी हंगामाचा सण, म्हणजे पिकातलं अर्पण आणायचा दिवस, आला. कोणी तुरी आणल्या, कोणी ज्वारी, कोणी कोंबडी. त्यानं धुऱ्यावरचं एक कोहळं आणलं, दोन्ही हातांत धरून. रिवाजाप्रमाणे लिलाव झाला. ज्यानं बोली लावून ते घेतलं त्यानं पैसे भरले आणि कोहळं पुन्हा लिलावात ठेवलं. दुसऱ्यानंही तेच केलं. तीनदा विकलं गेलं ते कोहळं. शेवटी मावशीनं उचललं, विळीवर कापलं आणि मोठ्या गंजात चढवलं. रोडगे गोवऱ्यांच्या निखाऱ्यांवर भाजत होते. तो भिंतीला टेकून बसला, ढोलकी मांडीवर ओढली आणि तिच्या दोऱ्या आवळू लागला.