जीवशास्त्र मंडळात या आणि काम मागून घ्या

नमस्कार श्रोतेहो,

महाविद्यालयांचे प्रवेश आटोपले, वेळापत्रक लागलं, की थोड्याच दिवसांत विभागाच्या फलकावर एक सूचना झळकते. 'प्राणिशास्त्र मंडळाचे सभासद व्हा' किंवा 'बॉटनी असोसिएशनची वर्गणी वर्गप्रतिनिधीकडे जमा करावी.' बहुतेक मुलंमुली ती वाचतात, वर्गणी देतात आणि विसरून जातात. आजचं माझं बोलणं या सूचनेबद्दल आहे. बी.एस्सी.ला वनस्पतिशास्त्र, प्राणिशास्त्र, सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान असा जीवशास्त्राचा कोणताही विषय घेतलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी ते आहे. मी बरीच वर्षं हे विषय शिकवते आहे. पदवीच्या काळात मुलांना जीवशास्त्राची खरी गोडी लागते ती पुष्कळदा वर्गाबाहेर, या मंडळात, असं माझं अनुभवानं झालेलं मत आहे.

का ते सांगते. प्रॅक्टिकलला आपण जे करतो त्याचं उत्तर आधी ठरलेलं असतं. कांद्याच्या मुळाचं टोक घ्या, रंग द्या, काचपट्टीवर दाबा, पेशीविभाजनाच्या अवस्था दिसतील. नाही दिसल्या तर मैत्रिणीच्या मायक्रोस्कोपमध्ये डोकावून जर्नल पुरं होतं. तेही शिकायला हवंच, हाताला वळण त्यानंच लागतं. पण मंडळाच्या बैठकीत, ज्याचं उत्तर कुणालाच माहीत नाही असा प्रश्न घेऊन उभं राहता येतं. 'मी हे पाहिलं, मला असं वाटतं' एवढं तुम्ही म्हणायचं आणि समोरच्यांनी विचारायचं, 'कशावरून?' हा प्रश्न आपल्या बरोबरीच्या मुलांकडून ऐकण्याची सवय पहिल्या वर्षापासून लागली, तर माणूस वेगळा घडतो.

चार्ल्स डार्विनचं नाव तुम्ही पाठ्यपुस्तकात वाचलेलं आहे. हा मुलगा वडिलांच्या इच्छेखातर एडिनबर्ग विद्यापीठात वैद्यकी शिकायला गेला. भूल देण्याची सोय तेव्हा नव्हती. शस्त्रक्रिया पाहताना त्याला ते सोसवेना, तो अर्ध्यातून निघून गेला. व्याख्यानांचा त्याला वीट आला होता. भूशास्त्राची व्याख्यानं ऐकून तर आयुष्यात या विषयाचं पुस्तक हाती धरायचं नाही, असं त्यानं ठरवलं होतं. त्याच विद्यापीठात १८२३ साली सुरू झालेली प्लिनियन सोसायटी नावाची विद्यार्थ्यांची निसर्गविज्ञान मंडळी होती. विद्यापीठाच्या तळघरातल्या एका खोलीत हे विद्यार्थी जमत, निबंध वाचत आणि त्यांवर वाद घालत. नोव्हेंबर १८२६ मध्ये डार्विन तिचा सभासद झाला आणि आठवडाभरात कार्यकारिणीवर निवडून आला. तेव्हा तो सतरा वर्षांचा होता.

मग तो समुद्रकिनाऱ्यावर जाऊ लागला. न्यूहेवनचे कोळी कालवं धरायला निघाले की त्यांच्या होडीतून जायचा. कालवांच्या शिंपल्यांना चिकटलेले बारीक काळे गोल त्यानं नीट पाहिले. ते एका समुद्री शेवाळाचं कोवळं रूप आहे असा समज होता. डार्विननं दाखवून दिलं की ती माशांना चिकटणाऱ्या एका समुद्री जळवेच्या अंड्यांची कवचं आहेत. २७ मार्च १८२७ रोजी त्यानं हे निरीक्षण त्या मंडळात मांडलं. सोबत आणखी एक निरीक्षण होतं, फ्लस्ट्रा नावाच्या समुद्री जीवाची अंडी म्हणून जी समजली जात ती स्वतः हालचाल करतात, हे. त्याच्या आयुष्यातली ही पहिली वैज्ञानिक मांडणी. ज्या बीगल जहाजातून तो पुढे जगप्रवासाला गेला ते अजून चार वर्षं लांब होतं आणि ऐकणारे बहुतेक त्याच्यासारखेच विद्यार्थी होते. मला या गोष्टीत सर्वांत मोलाचा वाटतो तो विषयाचा आकार. जळवेची अंडी! एवढासा विषय. पण स्वतः पाहिलेला, स्वतः मांडलेला.

आपल्याकडचंही सांगायला हवं. १५ सप्टेंबर १८८३ रोजी मुंबईत आठ जण जमले आणि त्यांनी बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी सुरू केली. त्यांत दोघे आपले होते, प्रार्थना समाजाचे संस्थापक डॉ. आत्माराम पांडुरंग आणि औषधी वनस्पतींचे अभ्यासक डॉ. सखाराम अर्जुन. दर महिन्याला भेटायचं, एकमेकांना टिपणं सांगायची, गोळा केलेले नमुने दाखवायचे, एवढाच त्यांचा बेत होता. आज देशभर नाव असलेल्या संस्थेची सुरुवात अशी आहे. तुमच्या विभागातही आठ जण सहज मिळतील.

आता एक अगदी जवळचं उदाहरण देते. आमच्या इमारतीमागे कढीपत्त्याची झाडं आहेत. त्यांवर कॉमन मॉर्मन या काळ्या फुलपाखराच्या अळ्या असतात. लहान असताना त्या थेट पक्ष्याच्या विष्ठेसारख्या दिसतात, मोठ्या झाल्या की पानासारख्या हिरव्या होतात, आणि डिवचलं तर डोक्यामागून तांबडं, दुभंगलेलं शिंग बाहेर काढून उग्र वास सोडतात. मराठी माध्यमातून आलेली, वर्गात कधी तोंड न उघडणारी एफवायची एक मुलगी त्या झाडावरचा एक कोश बरणीत घालून घरी घेऊन गेली. रोज बघत होती. कोश काळपट पडला, त्याला बारीक भोक पडलं आणि त्यातून चिलटाएवढ्या, हिरवट चकाकीच्या गांधीलमाश्या बाहेर आल्या. दुसऱ्या दिवशी बरणी घेऊन ती माझ्यासमोर रडवेली उभी. 'मॅडम, माझं फुलपाखरू गेलं.'

मी तिला म्हटलं, गुरुवारी मंडळात हेच सांग. मराठीत सांग.

तिनं सांगितलं. मुलांनी प्रश्नांची सरबत्तीच लावली. एवढ्या टणक कोशात माश्या शिरल्या कशा? अळीतच होत्या का? एका कोशातून इतक्या कशा? मग ग्रंथालयातून पुस्तकं आली. कोश नुकताच तयार झालेला असतो तेव्हा त्याचं आवरण मऊ असतं, आणि काही परजीवी गांधीलमाश्यांच्या माद्या नेमकी ती वेळ साधून आत अंडी घालतात, हे कळलं. 'आपल्याकडेही तसंच होतं का ते बघू,' असं एका टीवायच्या मुलानं सुचवलं. मग काही अळ्या मलमलीच्या कापडाखाली वाढवल्या, काही झाडावरच राहू दिल्या आणि कोश झाल्यावर त्या काढून आणल्या. कापडाखालच्या कोशांतून फुलपाखरं निघाली. झाडावरून आणलेल्यांपैकी काहींतून पुन्हा माश्या. नोंदी ठेवायला तीच मुलगी पुढे होती. नियंत्रित प्रयोग म्हणजे काय, हे त्यानंतर मला त्या गटाला शिकवावं लागलं नाही.

हे मी मुद्दाम विस्तारानं सांगितलं, कारण मंडळ म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर उद्घाटन येतं. प्रमुख पाहुणे, शाल-श्रीफळ, दीपप्रज्वलन, आभार आणि चहा. पाहुण्यांचं व्याख्यान अवश्य ठेवा. पण वर्षभराची वर्गणी त्या एका दुपारी संपली तर मुलांच्या हाती काय राहिलं? माझा आग्रह असा की निम्म्याहून जास्त पैसे भिंगं, नोंदवह्या, मलमल, बरण्या आणि एसटीच्या तिकिटांवर खर्च व्हावेत.

तुम्ही सभासद झालात की काम मागून घ्या. बैठकीचं इतिवृत्त लिहिण्याचं काम कुणाला नको असतं, ते घ्या. कुणी काय पाहिलं, कुणी काय शंका काढली हे दोन परिच्छेदांत लिहिता येणं ही पुढे संशोधनात रोज लागणारी गोष्ट आहे. हिशेब ठेवा. प्राचार्यांच्या नावे परवानगीचा अर्ज लिहा. भित्तिपत्रक लावा, पण इंटरनेटवरून उतरवलेली छायाचित्रं नकोत, आवारातल्याच झाडाची पानं स्वतः काढून लावा. वर्षभर उपक्रमांना तोटा नाही. ऑक्टोबरच्या सुरुवातीला वन्यजीव सप्ताह असतो, फेब्रुवारीत चार दिवसांची जागतिक पक्षीगणना असते. तिच्यात भाग घ्यायला आवारात एका जागी पंधरा मिनिटं उभं राहून पक्षी मोजले तरी पुरतं. २८ फेब्रुवारीचा विज्ञान दिन तर आहेच.

एक गोष्ट मात्र पाळा. फिरायला गेलात की दिसेल ते उपटून किंवा पकडून आणायचं नाही. अभयारण्यात तर परवानगीशिवाय काहीच गोळा करता येत नाही, १९७२ चा वन्यजीव संरक्षण कायदा आहे. छायाचित्र, तारीख, ठिकाण आणि झाडाचं किंवा दगडाचं वर्णन एवढी नोंद पुष्कळ झाली. यूजीसीनं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगानं, २०११ मध्ये प्राण्यांचं विच्छेदन टप्प्याटप्प्यानं बंद करण्याच्या सूचना दिल्या, त्याचं मी स्वागतच केलं. पण त्यामुळे प्राणी प्रत्यक्ष पाहण्याची एक वाट बंद झाली, हेही खरं. जिवंत प्राणी, त्याच्या जागी, त्याच्या उद्योगात असताना पाहणं ही तिची भरपाई आहे आणि ती मंडळच करू शकतं.

अडचणी मला ठाऊक आहेत. प्रॅक्टिकल चारला सुटतं आणि गावाकडची एसटी साडेचारला असते. म्हणून बैठक संध्याकाळी ठेवू नका, मधल्या सुट्टीत ठेवा. अर्धा तास बास होतो. बाहेरगावाहून येणाऱ्या मुली मंडळात दिसत नाहीत याचं कारण बहुतेक वेळा नुसती वेळ असते. दुसरी अडचण इंग्रजीची. शास्त्रीय नावं लॅटिनमध्ये राहू द्या, बाकी सगळं मराठीत बोला. विचार नीट मांडता आला की इंग्रजी मागाहून येतं. आणि तिसरी, घरच्यांची शंका, की यानं मार्क कमी होतील. पालकहो, आठवड्यातला अर्धा तास आहे हा. मुलाखतीत 'तू स्वतः काय केलंस?' असं विचारतात तेव्हा सांगण्यासारखं काही या अर्ध्या तासातूनच मिळतं.

तुमच्याकडे मंडळच नसेल, किंवा कागदावरच असेल, तर चार-पाच जणांनी मिळून विभागप्रमुखांकडे जा. मोठी योजना घेऊन जाऊ नका. एक वार, एक खोली आणि पहिल्या तीन बैठकांत कोण काय दाखवणार त्यांची नावं, एवढं कागदावर लिहून न्या. बहुतेक विभागप्रमुख नाही म्हणत नाहीत.

आणि माझ्या सहकारी प्राध्यापकांना एक विनंती. त्या अर्ध्या तासात मुलांना प्रयोगशाळेच्या कपाटाची किल्ली द्या, दोन मायक्रोस्कोप बाहेर काढू द्या आणि तुम्ही मागच्या बाकावर बसा. पहिला प्रश्न मुलांना विचारू द्या.

नमस्कार.